आईच्या जागी बसलेली बाई

घोडेगावात रंगनाथला सगळे फोटोवाला म्हणत, पण त्याचा निम्मा दिवस सुतारकामात आणि रंगकामातच जायचा. मोठ्या रस्त्याला लागून त्याचं घर. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागं संसार, आणि दोन्हींची रोजची सरमिसळ. पडद्यावरचा राजवाडा त्यानं स्वतः रंगवला होता. त्याच्या पायऱ्या जरा तिरक्या गेल्या होत्या, त्यामुळं पुढं उभं राहिलेलं प्रत्येक कुटुंब किंचित उताराला लागल्यासारखं दिसे. फुलदाणी पुठ्ठ्याची होती. खुर्चीचे हात बाजारतळावर मोडून पडलेल्या बैलगाडीच्या लाकडाचे होते. आणि फ्रेमा सजवायची त्याची बायको मनकर्णा. काचेचे रंगीत मणी ओवून ती चौकटीभोवती अशी वेल काढायची, की लोक तोंडावर म्हणत, फोटो कसा का येईना, फ्रेम मनकर्णाबाईचीच पाहिजे. रंगनाथ हसून मान डोलवी. त्याला ते पटलेलंच होतं.

त्याचं खरं कसब मात्र वेगळं होतं. बाहत्तरच्या दुष्काळात गावोगावची म्हातारी माणसं गेली. पुढं पाऊस चांगला झाला, घरात धान्य आलं, आणि लोकांना गेलेल्यांची आठवण काढायला उसंत मिळाली. तेव्हा कळलं, की आईचा फोटोच काढून ठेवलेला नाही.

अशा वेळी रंगनाथ फोटो ‘बसवायचा’. गेलेल्या बाईची बहीण नाहीतर लेक, जिचा तोंडवळा त्यातल्या त्यात जुळेल, तिला आईचंच लुगडं नेसवून खुर्चीवर बसवायची. फोटो काढायचा. मग छपरातल्या काचेच्या कौलाखाली उजेडात निगेटिव्ह धरून टोकदार पेन्सिलीनं भरायचं, पात्यानं अलगद खरवडायचं. नाक जरा रुंद, गाल जरा बसके, घरचे सांगतील तसं. पुष्कळदा जमायचं. नाही जमलं तर घरचेच मनाची समजूत घालायचे. मग ती फ्रेम मधल्या खुर्चीवर ठेवून सगळं कुटुंब भोवती उभं राहायचं आणि पुन्हा एक फोटो व्हायचा. तो फोटो काढताना रंगनाथ काळ्या कापडाखाली जरा जास्त वेळ थांबायचा, कारण त्याचे डोळे भरलेले असत.

स्वतःच्या आईचा फोटो त्याला बसवता आला नव्हता. तो तान्हा असतानाच ती गेली. बहीण नाही, मावशी नाही, बसवणार कुणाला? नेवाशाच्या चुलतीनं, छबूबाईनं, त्याला वाढवलं. आईला पाहिलेलं जिवंत माणूस आता ती एकटीच. पण विचारलं की ती म्हणायची, “गोरी न्हाई, काळी न्हाई. बाईसारखी बाई हुती.” एवढ्यावर कुणाचा फोटो होतो? आपल्याला एकदा, एकदाच तिचं तोंड बघायला मिळावं, याखेरीज रंगनाथनं देवाकडं कधी काही मागितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी पुंजाराम आला, आपल्या बहिणीला, रतनबाईला घेऊन. रतनबाई अंगानं भरलेली, गोल चेहऱ्याची. आई वाळकी होती म्हणाले. रंगनाथ कौलाखाली बसला आणि पेन्सिल चालवू लागला. त्या दिवशी हात विचारत नव्हता. कुठं भरायचं, कुठं खरवडायचं, त्याला जणू आधीच ठाऊक होतं. रंगनाथला वाटलं, इतक्या वर्षांनी आपल्याला कला साधली.

छापलेला फोटो बघून पुंजारामनं डोक्यावरची टोपी काढली. 

“हीच,” तो म्हणाला. “दादा, तुमी हिला बघितली हुती व्हय?”

“नाही बाबा.”

“मंग ही भिवईपाशी खोक हाय, ती? न्हानपनी विळा लागला हुता तिला. आमी तर सांगितलंच न्हाई.”

डाव्या भुवईपाशी बारीकशी खाच होती खरी. रतनबाईला ती नव्हती. पात्याचा ओरखडा असेल, असं रंगनाथला वाटलं, पण पुंजाराम त्याचे पाय धरायला वाकला तेव्हा त्यानं ते बोलून दाखवलं नाही. फ्रेम व्हायची होती, म्हणून फोटो घरातच राहिला.

मग शेजारच्या वाडीचा रशीद आला. त्याची आई बिस्मिल्ला दुष्काळातच गेली होती. तिच्या जागी बसायला मावशी, मुबारकबी, आली होती. हडकुळी, लांब नाकाची बाई. डोक्यावरून पदर घट्ट घेऊन ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. याही वेळी रंगनाथचा हात न विचारता चालला.

मण्यांचं काम मागं पडलं होतं, म्हणून फोटो भिंतीला टेकवून एका ओळीत ठेवले होते. दुपारी कौलातनं ऊन उतरलं आणि रंगनाथचं लक्ष गेलं. तो जवळ जाऊन उकिडवा बसला.

ती एकच बाई होती.

लुगडी वेगळी, पदर वेगळे. चेहरा एक. तीच भुवईपाशी खाच, तोच जरासा मुडपलेला खालचा ओठ. काहीतरी बोलता बोलता थांबलेली बाई.

“मनकर्णा, जरा इकडं ये.”

ती हातातला मण्यांचा सर घेऊनच आली.

“हे फोटो एकाच बाईचे वाटतात का गं?”

“एकाच कशानं? ही रतनबाई, ही मुबारकबी.” तिनं वाकून पुन्हा पाहिलं. “पेन्सिल लई फिरवलीया तुमी, पर वळखू येत्यात की. डोळं दुखत्याती का?”

डोळे दुखत नव्हते. पण रंगनाथ समजूतदार माणूस होता. त्यानं स्वतःला सांगितलं, अक्षराला वळण असतं तसं हाताला लागतं, आपला हात एकाच चेहऱ्याच्या वळणावर गेला आहे. मग त्याला लाज वाटली. लोक भोळेपणानं पाया पडतात आणि आपण सगळ्यांना एकच आई वाटतो आहोत! रशीद आला की खरं सांगायचं, त्यानं ठरवलं.

रशीद आला तेव्हा रंगनाथ आत हात धूत होता. मनकर्णानं फ्रेम कागदातनं काढून त्याच्या हातात दिली होती. घाईघाईत तिनं पुंजारामची दिली होती. रंगनाथ बाहेर आला तर रशीद फ्रेम छातीशी धरून उभा, गालावरनं पाणी वाहत होतं.

“अम्मीच हाय,” तो म्हणाला. “अगदी अम्मी. भाकर टाकताना अशीच बघायची.” त्यानं बाहीनं डोळे पुसले, फ्रेम लांब धरली आणि त्याचा चेहरा गोंधळला. “पर रंगूभाऊ, हिच्या कपाळाला कुंकू कुनी लावलं?”



रंगनाथनं ती फ्रेम त्याच्या हातातनं हळूच काढून घेतली आणि दुसरी दिली. “चुकलं,” एवढंच म्हणाला.  जाताना रशीदनं त्याला मिठी मारली. खरं सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुंजारामच्या निगेटिव्हवरनं आणखी एक फोटो छापला, कागदात गुंडाळला आणि नेवाशाची एसटी धरली. त्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती मनकर्णाला सांगायचाही त्याला धीर झाला नव्हता. आपला हात कुणाच्या चेहऱ्याच्या वळणावर गेला असेल? तान्ह्या पोराचे डोळे काय बघून ठेवत असतील?

छबूबाई ओट्यावर कांदे निवडत होती. त्याला बघून ती आनंदली, चहा टाकते म्हणाली. त्यानं तिला बसवलं आणि फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

“काकी, नीट बघ. ही माझी आई का?”

म्हातारीनं फोटो उन्हाकडं वळवला. तिच्या ओठांची हालचाल थांबली. कांद्याची साल चिकटलेलं बोट तिनं त्या चेहऱ्यावरनं फिरवलं.

“तुजी आई कशाची,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “ही माजी आई हाय. रंग्या, तुला ही कुठं गावली रं?”

 छबूबाईच्या आईला जाऊन किती काळ लोटला होता, हे खुद्द छबूबाईलाही सांगता आलं नसतं.

“लुगडं मातर असलं न्हवतं कदी तिला,” म्हातारी म्हणाली, आणि रडता रडता हसली. “कुनी दिलं म्हनायचं?”

फोटो त्यानं तिच्यापाशीच ठेवला. तो काढून घ्यायला कसायाचं काळीज लागलं असतं. मग तो परत निघाला. एवढी आशा धरून आलो आणि हात हलवत चाललो, असं त्याला वाटलं. प्रवरेच्या पुलावर एसटी खडखडत होती. शेजारी बसलेला माणूस झोपला होता. खाली पाणी भरून वाहत होतं.

पुलाच्या मध्यावर त्याच्या लक्षात आलं.

पुंजारामला पुंजारामची आई दिसली. रशीदला रशीदची. काकीला काकीची.

मग मला दिसते ती कोण?

रंगनाथ भरल्या गाडीत हुंदके देऊन रडला. कंडक्टरनं विचारलं, घरी काही वाईट झालंय का, तर तो जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हणाला आणि आणखीच रडला. जन्मभर जिचं तोंड बघायला तो आसुसला होता, तिला त्यानं आपल्याच हातानं कौलाखाली बसून काढलं होतं. भुवईपाशी खाच असलेली, ओठ मुडपलेली. ती त्याची आई होती. हे कसं झालं ते त्याला समजून घ्यायचं नव्हतं. देणाऱ्याला कुणी विचारतं का, की तू का दिलंस?

घरी येऊन त्यानं मोठा फोटो केला. सागवानाची चौकट स्वतः तासली. मनकर्णानं निळे मणी लावले. ते मणी बेलापूरहून तिच्या आईनं धाडले होते, एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत घालून. मण्यांची ही कला म्हातारीनंच लेकीला शिकवली होती.

“लोकं भितीला आपली आई लावत्यात,” मनकर्णा हसून म्हणाली, “पर तुमी लावली रतनबाई. पुंजाराम काय म्हनंल?”

“तुला रतनबाईच दिसते?”

“मंग काय दिसावं?”

रंगनाथनं हसून चौकट सरळ केली. तो सुखी होता, आणि ते लपत नव्हतं. रोज सकाळी कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी तो त्या फोटोपुढं उदबत्ती लावी आणि म्हणे, “बरी आहेस ना?” पडद्यापुढं येणारी कुटुंबं जाताना तिथं घुटमळत. एखादी बाई पदर डोळ्याला लावी. ज्याची आई अजून हयात होती, तो मात्र सहज बघून पुढं जाई. कुणी विचारत नसे, हा फोटो तुमच्याकडं कसा म्हणून. कदाचित विचारलं तर तो चेहरा नाहीसा होईल, असं त्यांना वाटत असावं. रंगनाथला वाटे, असू दे. एकीच्या जिवावर एवढ्या जणांना आपापली आई भेटते आहे. यापेक्षा जास्त काय मागायचं?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. दुपारची वेळ. मनकर्णा स्टुडिओच्या उंबऱ्यावर बसून मणी ओवत होती. रंगनाथ पडद्यावरच्या तिरक्या पायऱ्या दुरुस्त करायला बसला होता. सकाळीच बेलापूरच्या एका माणसानं निरोप आणला होता, आईची तब्येत ठीक आहे, वाणाला येते म्हणाली. मनकर्णानं तिळाचे लाडू करून ठेवले होते.

सुईत दोरा घालायला तिनं मान वर केली, आणि तिची नजर भिंतीवर गेली.

“अवो,” ती म्हणाली.

“काय?”

“माज्या आईचा फोटू कवा काढला तुमी?”

रंगनाथच्या हातातला ब्रश राजवाड्याच्या पायरीवरच थांबला.

मनकर्णा उठली. सर मांडीवरनं घसरला आणि मणी फरशीवर गडगडत गेले. तिला त्याचं भान नव्हतं. तिच्या तोंडावर हसू पसरत होतं.

“किती झ्याक आलीया! बोलंलच आता, असं वाटतंय.”

रंगनाथनं भिंतीकडं पाहिलं. त्याची आई रोजच्यासारखीच पाहत होती.

तो धडपडत उठला आणि फोटोसमोर आडवा उभा राहिला. पाठीला चौकटीचे मणी टोचत होते.

“सरा की बाजूला,” मनकर्णा लाडानं म्हणाली. “बघू द्या मला.”