इंचाला दहा

सुरीसाठी पोलाद कापायचं तर बँडसॉवर कुठलं पातं चढवायचं, यात काही गूढ नाही. पत्र्याच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत. चार मिलिमीटरच्या पत्र्याला इंचाला चोवीस दातांचं पातं लागतं. तिथे दहा दातांचं चढवलं, तर एखादा दात पत्र्याच्या कडेत अडकतो आणि पत्रा हातासकट ओढला जातो. आमच्या घरामागच्या शेडमध्ये पाती मी निवडायचो, कापायचा दादा.

दादा मागच्या वर्षी गेला. पत्र्याबरोबर हात ओढला गेला, जखम चिघळली, आठवड्याभरात सगळं संपलं. वहिनीने दोष त्यालाच दिला. "हट्टी माणूस. घाई नडली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्याचा फोटो तिने भिंतीवरून काढून कपाटात साड्यांखाली ठेवला. मी तोंडाला कुलूप लावून बसलो.

पुढे कापायचं काम माझ्याकडे आलं, घासून धार लावायचं वहिनीकडे. पहिल्याच दिवशी चोवीसचं कोरं पातं चढवलं. बारीक दातांनी कापलेली कड बोटाला मऊ लागते. ही खरखरीत लागली. कडेवर जाड, सरळ ओरखडे होते. मोजपट्टी लावून मोजले. इंचाला दहा.

पात्याचा ताण बघितला, वेग बघितला. सगळं बरोबर होतं. पातं बदललं, मग दुकान बदललं. ओरखडे दहाच.

"पात्याला कशाला नावं ठेवता?" नवा दुकानदार हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

मी हसलो नाही. त्यानंतर प्रत्येक कड वहिनीकडे जाण्याआधी मीच कानशीने घासू लागलो. एक तेवढी घासायची राहिली. तो पत्रा हातात घेऊन वहिनी शेडमध्ये आली.

"भावजी, दहाचं चढवलंय का?"

"चोवीसचं आहे. ये, बघ की."

तिने थांबलेल्या पात्यावरून बोट फिरवलं. मग घरात गेली आणि एक अर्धवट कापलेला पत्रा घेऊन आली. दादाचा शेवटचा. मला वाटलं होतं, तो भंगारात गेला. तिने त्याची कड माझ्या पत्र्याच्या कडेला लावली. ओरखड्याला ओरखडा जुळला.

"त्या दिवशी कुठलं होतं?"

त्या दिवशी सकाळी मी जाड सळया कापायला दहाचं चढवलं होतं. एका सुरीचं माप चुकलं, म्हणून दादा गिऱ्हाइकासमोर मला म्हणाला, "भरवशाच्या म्हशीला टोणगा!" गिऱ्हाईक खो खो हसलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुपारी त्याने विचारलं, "चोवीसचं चढवलंस ना?" मी हो म्हणालो. पातं बदलणं दहा मिनिटांचं काम. एक पत्रा वाया जावा, त्याचीही जरा फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. तो मरावा असं नव्हतं. पण हे आता कुणाला सांगू?

"चोवीसचं," मी म्हणालो.

"म्हणजे घाईच नडली."

"हो."

संध्याकाळी तिने सफरचंद कापायला घेतलं. सुरी आमचीच होती, तिनेच घासलेली, तोंड दिसेल इतकी लख्ख. चार फोडी केल्या. दोन माझ्या ताटलीत ठेवल्या, दोन स्वतःच्या.

तिच्या फोडी गुळगुळीत होत्या.

माझ्या फोडींवर ओरखडे होते. जाड, सरळ.

सुरी एकच होती. सफरचंदही एकच.

ती ताटलीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोटो भिंतीवर परत आला. संध्याकाळी तिने पुन्हा सफरचंद कापलं, दोन फोडी माझ्यापुढे सरकवल्या आणि ताटलीशेजारी शेडमधली मोजपट्टी सरळ करून ठेवली.

"खा ना, भावजी," ती म्हणाली.