मशीनभोवतीचं गवत

कपाट उघडं होतं आणि फाइल नव्हती.

विजया कोचरेकर साइट ऑफिसच्या दारातच थांबल्या. मे महिन्याचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेनऊ, आणि सिल्वासाच्या उन्हाने एव्हाना डोकं धरायला लावलेलं. सामरवरणीच्या पुढे सात इमारती उभ्या राहत होत्या. त्या बांधकामाचं पर्यावरण लेखापरीक्षण वर्षातून दोनदा होई आणि ते काम विजयाताईंकडे होतं. उडणारी धूळ मर्यादेत आहे का, एवढंच आज बघायचं होतं. त्यासाठी जे कागद लागणार होते, नेमके तेच गेले होते.

"भिकाने नेली, दुसरं कोण?" व्यवस्थापक ललितभाई म्हणाले. "चावीचा जुडगा याच्याकडे असतो. रद्दीत घातली असणार. मी पोलिसांना फोन करतो."

भिका म्हणजे गेटवरचा राखणदार. साक्रीकडचा, पन्नाशीचा, शर्टाचं वरचं बटणही लावणारा. तो भिंतीला टेकून उभा होता. "मी फाइल नही लिधी, मॅडम," एवढंच तो बोलला.

"मग कोणी घेतली?"

भिकाने खाली पाहिलं.

"बघा!" ललितभाई म्हणाले. "आजपासून याची नोकरी बंद. संध्याकाळपर्यंत खोलीपण खाली करायची."

खोली मजुरांच्या चाळीत होती, साइटच्या मागच्या बाजूला. भिकाची बायको चंदा तिथे तीन महिन्यांपासून खोकत पडली होती, हे विजयाताईंना गेटवरच कळलं होतं. नोकरी गेली की त्या बाईला कुठे नेणार हा माणूस? आणि चोरीचा डाग लागल्यावर त्याला दुसरीकडे गेटवर तरी कोण उभं करणार?

"संध्याकाळ व्हायची आहे अजून," त्या म्हणाल्या. "पोलीस तोवर थांबतील."

पर्यावरणाचं काम बघणारा मुलगा योगेश टेबलामागे बसला होता. चिपळूणचा, सव्वीस वर्षांचा, हुशार. रात्रभर झोपला नसावा असे डोळे.

"फाइलमध्ये काय होतं, योगेश?"

"फिल्टर पेपर, मॅडम. धूळ मोजायच्या मशीनमधले. आठवड्यातून दोनदा मशीन चोवीस तास चालतं. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. वजनातला फरक म्हणजे धूळ. वापरलेला कागद तारखेच्या लिफाफ्यात घालून सही करायची."

"किती लिफाफे होते?"

"अठ्ठेचाळीस."

"कपाटाच्या चाव्या किती?"

"दोन. एक माझी, एक भिकाकाकांच्या जुडग्यात. तो गेटवरच्या खिळ्याला असतो."

"म्हणजे कोणीही काढू शकतं."

"हो," योगेश म्हणाला. ललितभाईंच्या कपाळाला आठी पडली.

विजयाताई कपाटाशी वाकल्या. कुलूप शाबूत. वरच्या खणात जुने नकाशे, खालच्यात हेल्मेटं. मधल्या खणात फाइलच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन उमटला होता. त्याच्या शेजारी तसाच स्वच्छ गोल होता आणि कोपऱ्यात निळ्या काचमण्यांसारखे चार-पाच खडे सांडले होते. त्यांनी ते रुमालात घेतले.

"इथे बरणी होती?"

"सिलिका जेलची," योगेश म्हणाला. "ओल शोषून घेते. कागद दमट झाला की वजन चुकतं."

"तीही गेली तर."

"भंगारवाला बरणीपण घेतो, मॅडम," ललितभाई हसून म्हणाले. "आणि एवढं काय? जानेवारीत तुम्हीच सगळं पाहून गेलात ना? 'समाधानकारक' लिहिलं होतं तुम्ही. या वेळी पण तसंच लिहा."

विजयाताईंना ते लागलं, कारण ते खरं होतं. जानेवारीत त्या याच खुर्चीत एसीसमोर बसल्या होत्या. गुडघा दुखत होता. मशीनपाशी जाऊन एक फोटो काढून घेतला, चहा घेतला आणि सही केली. मागच्या चाळीपर्यंत त्या गेल्याच नव्हत्या.

"आज मी चालणार आहे," त्या म्हणाल्या आणि रजिस्टर काखेत मारून निघाल्या.

मशीन काँक्रीटच्या प्लँटच्या अलीकडे, लोखंडी चौपायी स्टँडवर होतं. डंपर गेला की रस्ता काही वेळ दिसेनासा होई. कुंपण, पत्रे, झाडाची पानं, सगळ्यांवर एकच राखाडी रंग चढलेला.

फक्त मशीनभोवती पंधरा पावलांपर्यंत हिरवं गवत होतं. आसपास ना नळ, ना पाइप.

त्या गवताशेजारी एका जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. जवळच कमळाबाई बसली होती, कावळे हाकत. ती दोंडाईच्याची, मजुरांची खानावळ चालवणारी.

"इथे कशाला घातल्या, कमळाबाई? चाळीत अंगण आहे की."

"चाळीत?" कमळाबाई हसली. "तठे घातल्या तं दातखाले कचकच येस, ताई. आठेच तेवढी धूळ बसत नही. मशीन चालू ऱ्हास त्या दिवशी टँकर येस. सकाळ, दुपार, सांज, तीनदा पाणी मारस आठे."

"आणि मशीन बंद असतं तेव्हा?"

"मंग टँकर कसाले येई? मशीनना दिवस ऱ्हास की मी कुरडया घालस. मना तं वारच ठरेल शेतस, सोमवार आन् गुरुवार."

विजयाताई काही वेळ त्या कुरडयांकडे बघत राहिल्या. वीस वर्षं त्या ही मशीनं तपासत होत्या आणि धूळ कुठे बसत नाही हे त्यांना कुरडयावाल्या बाईने सांगावं लागलं. कानशिलं तापली ती उन्हाने नाही.

पातेल्यात सोमवारच्या कुरडया फडक्याखाली तशाच होत्या. "या डब्यात नाही भरल्या?"

"घट्ट झाकनना एकच डबा व्हता. तो दिधा कोनाले तरी," असं म्हणून कमळाबाई घाईने कावळ्याकडे वळली.

आज गुरुवार, पण मशीन अजून सुरू केलेलं नव्हतं. त्यावर तास मोजणारा आकडा होता. जानेवारीच्या सुरुवातीलाच मशीनची दुरुस्ती झाली तेव्हा तो शून्यावर आणला होता, तशी रजिस्टरात नोंद होती. विजयाताईंनी चष्मा पुसून वाचला. एक हजार एकशे बावन्न. मग रजिस्टर उघडून त्यांनी नोंदी बोटाने मोजल्या, दोनदा मोजल्या. चाळीस.

तिथून त्या भिकाला घेऊन चाळीत गेल्या. भिकाच्या खोलीत चंदा खाटेवर उठून बसली, नमस्कार करायला गेली आणि खोकतच राहिली. उंबऱ्यावर सकाळी झाडल्यानंतरचा पहिला थर आलाच होता. दाराबाहेर, भिंतीला लागून, मातीत चार खोल खळगे होते. विजयाताईंनी हाताच्या वितीने त्यांच्यातलं अंतर मोजलं.

"हे कशाचे, भिका?"

"खाटना पायना शेतस, मॅडम."

"खाट एवढी चौकोनी?"

भिकाने ओठ असे मिटले होते की चोरीचा आळ परवडला, पण हे सांगायचं नाही.

बारा वाजता सगळे ऑफिसात जमले. कमळाबाईलाही बोलावलं होतं. विजयाताईंनी एसी बंद केला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"आधी भिकाचं बघू," त्या म्हणाल्या. "रद्दीत विकायला फाइल नेणारा माणूस वरचे नकाशे सोडेल का? नकाशे त्याहून जड आहेत. म्हणजे रद्दी नाही. मग कोणाला ते कागद नष्ट करायचे होते का? नष्ट करणारा काडी लावतो. तो सिलिका जेलची बरणी कशाला नेईल?"

त्यांनी रुमाल सोडून निळे खडे सगळ्यांना दाखवले.

"बरणी एकच माणूस नेतो. ज्याला ते कागद कोरडे राहायला हवेत. म्हणजे आज ना उद्या कोणीतरी ते तोलावेत असं ज्याला मनातून वाटतं. चोरी करतानाही ज्याची कामाची सवय सुटली नाही."

त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं.

"यात चाळीस नोंदी आहेत. चाळीस वेळा चोवीस तास म्हणजे नऊशे साठ. मशीनवरचा आकडा आहे अकराशे बावन्न. एकशे ब्याण्णव तास जास्त, म्हणजे आठ दिवस. ते आठ दिवस मशीन कोणीतरी भिकाच्या दारात नेऊन चालवलं. त्याच्या स्टँडच्या पायांचे खळगे अजून तिथे आहेत. चाळीस आणि आठ किती झाले, योगेश?"

योगेशचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी सकाळी विचारलं, लिफाफे किती. रजिस्टर पाहणारा चाळीस म्हणाला असता. तू अठ्ठेचाळीस म्हणालास."

"मॅडम..."

"कमळाबाई, डबा कोणाला दिला?"

कमळाबाईने पदर तोंडाला लावला. "रागावू नका, ताई. काल सांजले योगेशभाऊ म्हने, घट्ट झाकनना डबा दे. कसाले, ते मी नही इचारं."

योगेश उठला. बाहेर त्याची स्कूटर उभी होती. हुकाला अडकवलेली कापडी पिशवी तो घेऊन आला आणि टेबलावर ठेवली. आत स्टीलचा डबा होता.

"सकाळी तुमच्या हातात द्यायला आणला होता," तो म्हणाला. "काल ललितभाई म्हणाले, उद्या मॅडम लिफाफे तोलतील, आधी फाइल मला दाखव. ते आठ त्यांनी फाडले असते. म्हणून काढून नेली. चंदाकाकूंचा खोकला ऐकून आठ रविवारी मशीन तिकडे लावलं होतं. भिकाकाकांनी वीज दिली."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"त्या चाळीस खोट्या लिफाफ्यांवर माझीच सही आहे. टँकर यायचा ते मला माहीत होतं. ललितभाई भिकाकाकांचं नाव घेत होते तेव्हा मला वाटत होतं, आत्ता बोलतो, आत्ता बोलतो." त्याने डब्यावरचा हात काढून घेतला. "मी बोललो नाही. ते माझ्यासाठी गप्प राहिले आणि मी माझ्यासाठी."

भिका हळूच म्हणाला, "पोरगानी नोकरी जाती, मॅडम. त्याच्यामुळं चंदाले दवाखाना तरी दिखना."

विजयाताईंनी डबा उघडला. लिफाफ्यांभोवती पसरलेले बरणीतले खडे अजून निळेच होते. ओल लागली असती तर गुलाबी झाले असते. त्यांनी सोमवारचा एक लिफाफा उघडून कागद काढला. जवळजवळ कोरा. शेजारी रविवारचा ठेवला. तो चुलीवरच्या फडक्यासारखा काळपट होता.

भिका पुढे वाकला. "हाई एकच दिवसनं शे?"

"एकाच दिवसाचं," योगेश म्हणाला.

"चंदा आठे दोन वरीसपासून शे," भिका म्हणाला आणि मागे सरकला.

ललितभाईंनी घसा खाकरला. "टँकर मारणं गुन्हा आहे का? धूळ बसवायलाच सांगितलं ना नियमात?"

"सगळीकडे, रोज. मशीनपुरती नाही आणि मशीनच्या वारापुरती नाही. टँकर कुठे, कधी जायचा, हे कोण सांगतं ललितभाई? टँकरच्या वहीत सही कोणाची आहे?"

ललितभाईंनी दार लोटून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, विचार करा. हे लिहाल तर जानेवारीचा तुमचा अहवालपण बुडतो. तुमचं नाव राहील का?"

विजयाताईंनी मोबाइल काढून जानेवारीचा फोटो शोधला आणि टेबलाच्या मध्ये ठेवला. फोटोत त्या मशीनवर हात ठेवून हसत होत्या. मागे सगळी माती करपलेली होती आणि त्यांच्या चपला हिरव्या गवतात होत्या.

"गवत तेव्हाही होतं," त्या म्हणाल्या. "मी त्यावर उभी होते. योगेशला निदान लाज वाटली आणि त्याने रविवार काढले. मला तर वाटलं, किती निगा ठेवतात." त्यांनी मोबाइल ललितभाईंकडे सरकवला. "अहवालाची सुरुवात या फोटोने होईल. खाली माझं नाव, मग योगेशचं, मग तुमचं. भिकाचं नाव फक्त एका ठिकाणी येईल, ज्याने वीज दिली तो. त्याची नोकरी किंवा खोली गेली, तर तेही मी त्याच अहवालात लिहीन."

त्यांनी टेबलावरचा चाव्यांचा जुडगा उचलून ललितभाईंच्या हातात दिला. ललितभाईंनी तो भिकासमोर धरला. भिकाने तो घेतला आणि या वेळी खिळ्यासाठी न ठेवता कमरेला अडकवला.

"मशीन कुठे लावू, मॅडम?" योगेशने विचारलं.

"तुला माहीत आहे कुठे. आणि आज टँकर नाही."

योगेश आणि भिकाने स्टँड दोन बाजूंनी उचललं. मशीनचे पाय चाळीतल्या त्या चार खळग्यांत नीट बसले. बटण दाबल्यावर घरघर सुरू झाली. चंदा दारात येऊन बघू लागली.

ऑफिसातून कोणीतरी विजयाताईंना चहाला बोलवायला आलं. त्या गेल्या नाहीत. मशीनशेजारी भिकाच्या उंबऱ्यावर त्या बसल्या, दुखरा गुडघा लांब करून. पहिला डंपर गेला आणि त्यांच्या पांढऱ्या साडीवर धूळ येऊन बसली. त्यांनी ती झटकली नाही.