दोनदा टेकलेला हात

पटलं तर बघा, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

गेल्या डिसेंबरातला रविवार. चाकणच्या वरचं भामा आसखेड धरण.

मी झिशान. थेरगावात माझं गॅरेज आहे. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, शिफाला, पक्षी बघायचं वेड. धरणावर चक्रवाक बदकं उतरलीत असं कळलं आणि आम्ही पहाटेच निघालो.

पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. शहाणी माणसं परत फिरली असती. आम्ही खाली उतरलो.

काठाकडे जाताना आम्ही बोलत नाही, मागे वळत नाही. बदकं लगेच उडतात. मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर हात टेकवायचा. एकदा टेकवला तर थांब. दोनदा, तर पुढे चल.

मी पुढे होतो. शिफा मागे.

समोर बदकं ओरडली... अगदी जवळ.

खांद्यावर हात टेकला. दोनदा.

मी पुढे सरकलो. बूट चिखलात रुतले.

पुन्हा दोनदा.

आज बाईसाहेबांना भारीच घाई झालीय, असं मनात म्हणत मी चालत राहिलो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

मग जाणवलं... बदकं गप्प झाली होती.

आणि पाण्यात फक्त माझ्याच पावलांचा आवाज होता.

पुन्हा हात टेकला. दोनदा. या वेळी जोरात.

तेवढ्यात शिफाची हाक आली. मागून नाही... लांबून, वरून, रस्त्याच्या बाजूने.

"भाई, कुठे आहेस तू?"

मी वळलो. मागे कुणीच नव्हतं. वळताना पाय घसरला आणि खाली जमीनच लागेना. मला पोहता येत नाही. हाताला येईल ते धरत, रांगत कसाबसा वर आलो.

शिफा रडत होती. ती म्हणाली, उतारावरच तिच्या खांद्यावर मागून हात टेकला. एकदाच. म्हणून ती तिथेच थांबली.

"अब्बाच होते, भाई. हा इशारा त्यांनीच शिकवला ना आपल्याला? त्यांनी मला वाचवलं."

अब्बांना जाऊन दोन वर्षं झालीत. हा इशारा आम्हा तिघांशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

मी नुसती मान डोलावली. तिला तेवढंच बरं वाटत होतं.

हात माझ्याही खांद्यावर टेकला होता... हे तिला अजून सांगितलेलं नाही.

शिफा अब्बांची लाडकी होतीच. पण मी त्यांचं काय वाईट केलं होतं?