तेवढीच ऊब

पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारात ती त्याच्यावर धडकली. तिच्या हातात गरम पाण्याचं चंचुपात्र, त्याच्या हातात थंड पाण्याचं. थंड पाणी निम्मं त्याच्या सदऱ्यावर सांडलं, उरलेलं तिच्या चंचुपात्रात.

“अगंबाई! भिजलात की हो!”

त्याने आधी तिच्या पाण्यात तापमापी बुडवली. “त्रेचाळीस अंश,” तो म्हणाला. “तुम्ही नव्या बाई का?”

मुलं पाठीमागे त्याला ‘बर्फसर’ म्हणत. बाईंच्या तोंडाला मात्र कुलूप माहीत नव्हतं. एकाच टेबलावर सत्र सरत आलं. ती बोलायची, तो मान डोलवायचा. आणि कधी, कसं, कोण जाणे... तो रजेवर असला की प्रयोगशाळा तिला खायला उठू लागली.

आज प्राचार्यांनी त्याला विचारलं होतं, दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जाता का? उत्तर आजच हवं होतं.

ती फळ्यावर उद्याचं उदाहरण सोडवत होती : गरम पाणी थंड पाण्यात मिसळलं, तर एंट्रॉपी, म्हणजे ऊर्जेचा पसारा, किती बदलतो? खडू जरा जास्तच जोरात चालला होता.

“उत्तर उणे आलंय,” मागून त्याचा आवाज आला. “असं असतं, तर कोमट पाणी आपोआप गरम-थंड असं वेगळं झालं असतं.”

“येऊ दे उणे. आज सगळंच उणे चाललंय माझं.”

“तुम्ही गरम पाण्याने गमावलेलं तेवढं मोजलंत. थंडाने कमावलेलं राहिलं.”

“माहितेय हो मला!”

“मग सांगा. उष्णता तेवढीच, तरी थंडाची बाजू मोठी का?”

“कारण उष्णतेला तापमानाने भागायचं. थंडाचं ते कमी,” ती फळ्याकडे बघतच म्हणाली. “तेवढीच ऊब... देणाऱ्या गरमाला फारशी जाणवत नाही. थंडाचं मात्र सगळं उलटंपालटं होतं.”

“होतं,” तो म्हणाला.

खडू थांबला. तिने वळून पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“कोणाचं?”

“तुम्ही सगळ्यांशीच बोलता... तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल. माझं—”

“अहो, घोडं अडलं कुठे? बोला ना!”

“माझ्या डोक्यात ते घरी गेल्यावरही चालू असतं. काल धाकटी बहीण म्हणाली, दादा, भिंतीकडे बघून काय हसतोस?”

तिला हसू फुटलं. मग एकदम आठवलं. “प्राचार्यांना काय सांगणार?”

“तुम्ही म्हणाल ते.”

इतकं बोलणारी बाई, पण आता एकच शब्द बोलली.

“राहा.”

तो जवळजवळ धावतच निघाला आणि दारातून परत आला.

“आता काय?”

“त्यांनी कारण विचारलं तर?”

“सांगा, घरगुती अडचण आहे.”

“पण... आपलं घर कुठे आहे अजून?”

“ते मी बघते,” ती म्हणाली. “तुम्ही आधी नकार तर देऊन या!”