चौथ्या मजल्याचं मागचं दार

ती दोरी अशी आवळू नकोस, कपाटाची कड खाईल. खाली चादरीची घडी घाल आणि मग बांध. चाळीस वर्षं लोकांची घरं टेम्पोत घालून हलवली मी, आणि आज माझंच बिऱ्हाड बांधायला पुतण्यांना शिकवावं लागतंय. असो. बसेल तुमचाही हात.

बरं, एक सांग. तिकडे माझ्या कॉटच्या उशाशी खिडकी आहे ना?

‘आहे काका.’ किती पटकन म्हणालास रे. खोली नीट बघून म्हणालास की दमलायस म्हणून? रागावत नाही, बाबा. बसा दोघं जरा. नऊ वाजून गेलेत, राहिलेली खोकी सकाळी भरू. असंच एकानं एकदा ‘आहे’ म्हटलं होतं, त्याचं सांगतो.

मीटरवाला आठवतो का तुम्हाला? घरोघर विजेची मीटरं वाचत फिरायचा, माझा दोस्त. त्याचे आईवडील दोन तासांवरच्या एका लहान गावात, जुन्या बैठ्या घरात राहायचे. वडील ब्याऐंशीचे. डोळे जवळजवळ गेलेले, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. आईचा खुबा मोडून बसवलेला. हा दर शनिवारी पहाटेची बस पकडून जायचा. औषधं आण, वाणसामान भर, गळका नळ बघ, आणि रात्री परत. दोन वर्षं हेच चाललं होतं. बसमध्ये उभ्या उभ्या झोपायचा म्हणे. मी त्याला म्हणायचो, तुझं स्वतःचं मीटर कुणी वाचत नाही का रे?

मग एका रात्री वडील पडले. आईला उचलता येईना, तिनं नुसती त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि शेजारी बसून राहिली. चार तास. दूधवाला आला तेव्हा कुठे कळलं. त्याआधीही एकदा पडले होतेच. तिसऱ्यांदा पडले तर आपण पोचणार नाही, हे मीटरवाल्याच्या मनानं घेतलं, आणि ते खरंच होतं. नेमका त्याच्या दारासमोरचा फ्लॅट रिकामा झाला. चौथा मजला, लिफ्ट आहे, सगळं हाताशी. त्यानं लगेच घेतला.

आई एका पायावर तयार होती, म्हणजे तिचा दुसरा पाय तसाही कामाचा नव्हताच म्हणा. वडील मात्र ऐकेनात. त्यांचा एकच प्रश्न.

“तिथं मागचं दार आहे?”

हा प्रश्न का, ते सांगतो. मीटरवाल्याच्या वडलांना एक धाकटा भाऊ होता. एकोणीस वर्षांचा असताना परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला. त्यांचे वडील भयंकर तापट. त्यांनी पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि घरात सांगितलं, कुणी दार उघडायचं नाही. धाकटा रात्री मागच्या बोळातून आला. मागचं दार वाजवलं त्यानं, हळूच. आणि हे थोरले आत जागे होते. कडीवर हात ठेवून उभे होते. बापाच्या भीतीनं ती काढली नाही. बाहेरून तो दोनदा ‘दादा’ म्हणाला आणि मग आवाज थांबला. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. जिवंत नाही, मेलेला नाही.

तेव्हापासून साठ वर्षं, रोज रात्री पावणेदहाला हे म्हातारे मागचं दार उघडायचे. थोडा वेळ उभे राहायचे आणि लावायचे. मीटरवाल्याला लहानपणी वाटायचं, बाबा कडी तपासतात. मोठा झाल्यावर आईनं सांगितलं त्याला.

आता चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला मागचं दार कुठून येणार? पण त्या दिवशी हा पहाटे पाचपासून पायावर होता. तीन तास समजावत होता, हातापाया पडून झालं होतं, घसा बसला होता. म्हाताऱ्यांनी परत तेच विचारलं.

“आहे,” हा म्हणाला.

“कुठं?”

“तुमच्या कॉटच्या डाव्या हाताला. इथल्यासारखंच. सात पावलं.”

“मग येतो,” म्हातारे म्हणाले. बस, एवढंच. मला वाईट वाटतं ते याचंच. त्यांनी पोराच्या शब्दावर साठ वर्षांचं घर सोडलं.

काम मीच घेतलं होतं. नजर गेलेल्या माणसाचं घर हलवताना माझी एक पद्धत होती. जुन्या घरात फीत धरून प्रत्येक वस्तूचं अंतर लिहून घ्यायचं, आणि नव्या घरात फरशीवर खडूनं खुणा करून सामान तसंच मांडायचं. कॉटपासून पाण्याचा माठ किती, संडासचं दार किती, सगळं. माणूस रात्री उठला तरी त्याचे पाय चुकत नाहीत. नव्या हॉलमध्ये मी सात पावलं मोजली, तर समोर कोरी भिंत.

“इथे काय ठेवायचं?” मी विचारलं.

“काही नको. मोकळं राहू दे.”

“पलीकडे काय आहे?”

“हवा,” मीटरवाला म्हणाला. हसला नाही.

निघायच्या आदल्या रात्री, म्हणजे दहा जानेवारी, शुक्रवार, मी त्या जुन्या घरातच झोपलो होतो. सकाळी लवकर टेम्पो भरायचा होता. पावणेदहाला म्हातारे उठले. सात पावलं. दार खाली घासत उघडलं, ते जड झालं होतं. आणि ते अंधाराकडे तोंड करून बोलायला लागले. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, कुणाकडून ऐकलेलं नाही.

“उद्यापासून इथं नसू आम्ही,” ते म्हणाले. मग त्यांनी नवा पत्ता सांगितला. रस्ता सांगितला. इमारतीचं नाव. चौथा मजला. मुलांना शिकवतात तसा सावकाश, दोनदा. “मागच्या दारानंच ये. कॉटच्या डाव्या हाताला आहे. मी जागा असेन.”

बोळात कुणी नव्हतं. मी खिडकीतून बघितलं ना. कुत्रंसुद्धा नव्हतं.

शनिवारी सामान लागलं. संध्याकाळपर्यंत माझी माणसं निघून गेली. आईला आतल्या खोलीत झोपवलं, सून तिच्यापाशी. हॉलमध्ये कॉटवर म्हातारे आणि खाली गादीवर मीटरवाला. इथून पुढचं त्यानं मला सांगितलं, आणि तो उगाच काही बोलणारा माणूस नाही.

पावणेदहाला म्हातारे उठून बसले.

“दार उघड.”

“बाबा, आज राहू दे ना. दमलोय हो.”

“तूच उघड. मला इथली कडी अजून माहीत नाही.”

काय करेल बिचारा? भिंतीपाशी गेला. जवळचं एक स्टूल फरशीवरून घासत ओढलं, दार घासल्यासारखं.

“उघडलं.”

म्हातारे कान देऊन बसले. “वारा लागत नाही.”

“वारा पडलाय बाबा.”

“बरं. आज लावू नकोस हं. नवी जागा आहे. त्याला शोधायला वेळ लागेल.”

“नाही लावत,” हा म्हणाला. आडवा झाला. लाज वाटत होती, पण डोळे मिटले की माणूस सुटतो.

त्याला जाग आली ती थंडीनं. मोबाइल बघितला. दोन वाजून दहा मिनिटं. खिडक्या तर सगळ्या बंद होत्या. वारा खालून येत होता, फरशीवरून, दाराच्या फटीतून येतो तसा. डाव्या हाताकडून.

आणि वास. ओल्या मातीचा.

मग घासल्याचा आवाज आला. जड. थांबत थांबत. त्याला आधी वाटलं, स्टूल. पण स्टूल त्यानं उशाशी ठेवलं होतं. हाताला लागत होतं ते.

आवाज थांबला.

कॉट करकरली. म्हातारे उठून बसले असावेत.

“...आलास?”

म्हाताऱ्यांनी पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज.

“उशीर केलास रे...”

नुसता श्वास. दोघांचा नव्हे... तिघांचा.

मीटरवाला मला म्हणाला, “खरं सांगू? भीती वाटली, पण त्याहून थकवा जास्त होता. मला डोळे उघडायचेच नव्हते. आता काही बघितलं तर ते पण मलाच निस्तरायला लागेल, असं वाटलं.”

पावलं. एक... दोन... तो मोजत होता. अनवाणी. अगदी हलकी, पोरासोरांची असतात तशी.

सहावं पाऊल त्याच्या गादीपाशी थांबलं.

खूप वेळ.

“हळू,” म्हातारे म्हणाले. “पोरगा झोपलाय. फार दमतो तो.”

सातवं पाऊल.

कॉट पुन्हा करकरली. या वेळी... दुसऱ्या कडेला.

त्यानंतर काही नाही. हा तसाच पडून राहिला, डोळे घट्ट मिटून, पार उजाडेपर्यंत.

सव्वासहाला मला त्याचा फोन. “तुझ्या माणसांपैकी कुणाचं काही राहिलंय का इथे?” आवाज अगदी साधा. मी म्हटलं, नाही, मी स्वतः बघून निघालो. “मग ये,” म्हणाला.

मी गेलो. म्हातारे गाढ झोपलेले. इतकी वर्षं पाचला उठणारा माणूस. कॉटच्या एका कडेला अंग चोरून झोपले होते, अर्धी कॉट मोकळी सोडून. आई वॉकर धरून आतल्या दारात उभी. ती कॉटकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. सून काही बोलायला गेली तर आईनं हातानं तिला थांबवलं. “त्यांना उठवू नका. झोपू द्या,” एवढंच म्हणाली.

मी भिंत ठोकून बघितली. भरीव. रंगाला साधी चीरसुद्धा नाही. गॅलरीतून वाकून बाहेरची बाजू बघितली. चार मजले सरळ खाली, कबुतराला टेकायला जागा नाही.

दोन महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

भिंतीच्या पायथ्याशी चपला होत्या. चामड्याच्या, हातानं शिवलेल्या, आता कुणी घालत नाही तसल्या. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या मापाच्या. तळव्यांना चिखल. मी बोट लावून बघितलं, ओला होता. घरात शिरताना आपण काढतो तशाच नीट काढून ठेवलेल्या. टाचा भिंतीला टेकलेल्या, आणि अंगठे आत, घराकडे.