खग्रासाकडे पाठ

लेआंद्रो पहिल्यांदा मातीच्या थाळ्यांच्या भट्टीवर आला तो काजळी मागायला. माद्रिदच्या वेधशाळेतून ग्रहणासाठी गावात आलेला तरणाताठा माणूस, भर जुलैत अंगात लोकरी कोट, हातात काचांची चळत. सूर्याकडे बघायचं तर काच धुरावर काळी करावी लागते, हे तो समजावून सांगेपर्यंत कासिल्दाने काचा काळ्या करून परतही दिल्या.

"आधी नाक पुसा," ती म्हणाली. "सूर्य झाकेल एवढी काजळी तिथंच आहे."

दुसऱ्या दिवशी तो एकच काच घेऊन आला. तिसऱ्या दिवशी काचही नव्हती.

कासिल्दा थाळ्यांवर वेलबुट्टी काढायची. कच्च्या झिलईवर एकदा कुंचला टेकला की रेघ पुसता येत नाही, त्यामुळे तिचा हात कधी अडखळत नसे. लेआंद्रोने दोन वर्षं खपून काढलेली चंद्राची चित्रं दाखवली, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहेत... पण चंद्रावर खड्डे जास्त की रबरानं पडलेली भोकं?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. आणि तिला तो तिथंच आवडला.

ग्रहण अठरा तारखेला होतं, खग्रास जेमतेम तीन मिनिटं. सरावासाठी वेधशाळेचे प्रमुख डॉन एवारिस्तोंनी चर्चच्या भिंतीवर कागदी सूर्य टांगला आणि त्याचं चित्र तीन मिनिटांत काढायला लावलं. लेआंद्रोचं चित्र अर्धंच झालं. मागे उभ्या कासिल्दाचं, कोळशाने काढलेलं, पुरं. म्हाताऱ्याने ते उत्तम आहे म्हणून कबूल केलं, पण खऱ्या ग्रहणाचं चित्र तिला काढू द्यायला लगेच नकार दिला. अंधार पडला की बायका किंचाळतात म्हणे.

"भट्टी फुटली तेव्हा गडी पळाले होते, मी नाही," कासिल्दा म्हणाली. "आजवर हजारो थाळ्या रंगवल्या, सगळ्यांवर शिक्का कारखान्याचा. हे एक चित्र मी काढणार. आणि त्यावर नाव माझं असणार."

तेव्हा लेआंद्रो पुढे झाला. चित्रकाराला वेळ कळावा म्हणून मोठ्याने सेकंद मोजायचं काम गावच्या पाद्रीबाबांकडे होतं आणि ते जपमाळ उरकल्यासारखे भराभर मोजत. ते काम आपण करतो, आपली चित्रकाराची खुर्ची कासिल्दाला द्या, असं तो म्हणाला. डॉन एवारिस्तो कुरकुरले, पण पाद्रीबाबांच्या मोजणीने तेही रडकुंडीला आले होते.

कासिल्दाने त्याला विहिरीपाशी गाठलं. "मोजणाऱ्याची नजर घड्याळावर, पाठ सूर्याकडे. तुला काहीच दिसणार नाही. वेड लागलंय का तुला?"

"मी बघितलं तर मला एकट्याला दिसेल," तो म्हणाला. "तू बघितलंस तर सगळ्यांना दिसेल."



खग्रासातलं मंद तेज डोळ्यांना दिसावं म्हणून चित्रकाराला आधी पट्टी बांधून बसवतात. अठरा तारखेला ती लेआंद्रोने बांधली.

"घट्ट झाली?"

"नाही... पण एका गाठीला एवढा वेळ?"

वारा गार झाला, कोंबडे आरवले. त्याने पट्टी सोडली आणि पाठ फिरवली. "एक... दोन..." काळ्या चकतीभोवती पांढरं तेज फाकलं होतं. कासिल्दाचा हात थांबला नाही. गावाने गुडघे टेकले, कुणी रडत होतं, खुद्द डॉन एवारिस्तो देवाचा धावा करू लागले. लेआंद्रोचा आवाज शंभरापाशी कापला, पण मान वळली नाही. एकशे शहात्तरला उजेड परतला. कागदावर सगळं उतरलं होतं.

डॉन एवारिस्तोंनी मुकाट्याने लेखणी घेतली आणि कोपऱ्यात लिहिलं, कासिल्दा.

"आडनावासकट," ती म्हणाली. त्यांनी फेरेर लिहिलं.

मग ती लेआंद्रोकडे वळली. तो चित्रच बघत होता, डोळे भरून.

"आपल्याकडे पुढचं खग्रास कधी रे?"

"दहा वर्षांनी. काडिझला."

"तेव्हा मी मोजेन, तू बघ."

"दहा वर्षं... तोवर तू मला विसरशील."

"कशी विसरेन?" कासिल्दा म्हणाली. "एकाच घरातून निघायचंय आपल्याला."