पान सतरावरची तांबडी खूण

त्या शनिवारी दुपारी विनिताच्या बाबांनी, हरिचंद्रकाकांनी, पापडाचा तुकडा तोंडात टाकला आणि पुस्तिकेच्या सतराव्या पानावर बोट ठेवलं.

"थांब विनू. इथे काहीतरी राहिलंय."

विनिता वाचता वाचता थांबली. कात्रपच्या त्या दोन खोल्यांच्या घरात हे नेहमीचंच होतं. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका तपासणं हे तिचं काम. ती त्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवायची आणि बाबा अडतील तिथे तांबड्या पेन्सिलीने खूण करायची. पद्धत बाबांचीच. अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन असताना यंत्रावर सूचनांची पाटी लावण्याआधी ते ती कॅन्टीनमधल्या भीमाबाईंना वाचून दाखवत. त्यांना कळली, तरच पाटी लागायची.

समोर भावेश बसला होता. पुस्तिका त्याने लिहिलेली, आणि पापडही त्यानेच आणलेले... उल्हासनगरहून, आईने लाटलेले.

तीन महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती याच पुस्तिकेचा पहिला खर्डा छापून घेत होती. 'प्रकटीकरण-विलंब-न्यूनांक' वाचून तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?"

"त्या गाढवाला ओळखतो मी," मागून कोणीतरी म्हणालं होतं. मावशीच्या आधार कार्डाची प्रत काढायला आलेला एक उंच मुलगा, कानाच्या पाळ्या लालबुंद. "मॅडम, शाळा मराठीच होती माझी, पण सिंधी घर... म्हणून जरा जास्तच शुद्ध लिहितो."

"जास्तच!" ती म्हणाली होती. आणि मग दोघंही हसत सुटले होते.

तेव्हापासून दर शनिवारी तो खर्डा घेऊन यायचा. पहिल्याच खेपेला बाबांनी विचारलं होतं, "मासे खातोस ना?"

"खातो ना काका. आईच्या हातची मच्छी खाऊन बघा एकदा."

"मग बाकी सगळं चालतं," बाबा म्हणाले होते. विनिताने मान खाली घालून उगाचच एका पानाला खूण केली होती.

पुस्तिका अवघड नव्हती. कंपनीतली आतली माणसं, म्हणजे संचालक आणि बडे अधिकारी, आपल्याच कंपनीचे शेअर घेतात किंवा विकतात, तेव्हा त्यांना ते जाहीर करावं लागतं. अशा प्रत्येक व्यवहाराला हे सॉफ्टवेअर शंभरपैकी गुण द्यायचं. पदरचे पैसे घालून घेतले तर गुण जास्त, विकले तर त्या मानाने कमी. बाबांना ते लगेच पटलं होतं. "विकायला माणसाकडे कारणं पुष्कळ. पोरीचं लग्न, घराचं छप्पर. घेणाऱ्याकडे एकच, भरवसा."

आज मात्र ते अडले होते.

"व्यवहार उशिरा जाहीर केला तर गुण कापायचे. ठीक. पण किती उशीर झाला की व्यवहार धरायचाच नाही? ते कुठे लिहिलंय?"

भावेशने डोकं खाजवलं. "काका... ते मलाच माहीत नाही. ऑफिसात विचारतो."

"विचार. तोवर तांबडी खूण. विनू, मार."

निघताना भावेश दारात रेंगाळला. "पुढच्या शनिवारी... खर्डा नसला तरी येऊ?"

"पापड असले तर ये," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

तो गेला, तसे बाबा म्हणाले, "हा पोरगा पापड मला खायला घालायला येतो, असं वाटतं तुला?"

"बाबा!"

"सरळ विचारतोय. आवडतो का तुला?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण अहवाल बुधवारी द्यायचा होता, आणि तपासणाऱ्याने लिहिणाऱ्यात गुंतायचं नसतं, असं तिचं मन सांगत होतं. चार दिवसांचा तर प्रश्न.

"बुधवारी अहवाल जाऊ दे. मग बोलू."

"बरं. बुधवारी." त्यांनी शेवटचा पापड मोडून अर्धा तिच्यासमोर ठेवला.

रविवारी सकाळी दूध घेऊन येताना ते जिन्यात बसले, ते उठलेच नाहीत.

त्या दिवसांत भावेश रोज आला. त्याने खुर्च्या आणल्या, पाणी भरलं, तिच्या मावश्यांना स्टेशनवर सोडलं. ती त्याच्याशी परक्यासारखी वागली. नंतर त्याच्या मेसेजना उत्तर देणंही थांबलं. ऑफिसाने मुदत वाढवून दिली, तरी अहवाल तसाच राहिला. पुस्तिकेतल्या दोन ओळी ती मोठ्याने वाचायची आणि कोणी अडवेल म्हणून थांबायची... कोणी अडवायचं नाही. बाबा नाही म्हणाले असते, अशी भीतीही तिला कधी नव्हती. त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. तिने त्यांना बुधवार दिला होता.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, बेल वाजली. भावेशच्या हातात एकच कागद होता.

"पान सतरा," तो म्हणाला. "काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं."

"ठेव तिथे. बघते."

"बघायचं नाही. मोठ्याने वाच. काकांची पद्धत आहे ना?"

तिने कागद घेतला.

"'व्यवहार कितीही उशिरा जाहीर झाला, तरी तो धरला जातो. उशिराबद्दल कापलेले गुण मात्र परत मिळत नाहीत.'"

सवयीने ती थांबली आणि तिने खिडकीजवळच्या बाबांच्या खुर्चीकडे बघितलं. पंखा फिरत होता.

"कळतंय का?" भावेशने हळूच विचारलं.

"कळतंय. या वेळी मराठीत लिहिलंस." तिने तांबडी पेन्सिल मेजावर ठेवली. "भावेश, हा अहवाल मी नाही देणार. ऑफिसातल्या कीर्तीला सांगते, ती तपासेल."

"का? काही चुकलं का माझं?"

"तपासणारी बाहेरची लागते. मी बाहेरची राहिलेली नाही... कधीपासूनच नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "विनिता, म्हणजे—"

"थांब," ती म्हणाली. "तुझ्याआधी त्यांनी विचारलं होतं."

ती खुर्चीकडे वळली. पाठीवर अजून बाबांचा टॉवेल होता.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "हो. मला आवडतो तो."